पुष्पलताबाई होल्डवर आहेत

मार्च महिन्यात आमच्या गल्लीत एक बातमी फिरली, की पुष्पलताबाई मेश्रामांनी अडुसष्टाव्या वर्षी कोणाशी तरी जमवलं. पुरावा पक्का होता. रोज अकरा ते एक त्यांच्या खिडकीतून तेच ते गुळगुळीत संगीत यायचं, आणि मधेच ते थांबून बाईंचा मऊ आवाज, "हो जी, मी इथंच आहे. तुम्ही सावकाश पाहा."

बातमी खोटी निघाली. संगीत बँकेच्या कस्टमर केअरचं होतं. बाईंच्या खात्यातून कसल्याशा फीचे पाचशे नव्वद रुपये कापले गेले होते आणि त्या रोज होल्डवर बसत होत्या. बाराव्या दिवशी पैसे परत आले, संगीत बंद पडलं, गल्लीचा हिरमोड झाला. सगळ्यात जास्त माझा, कारण बातमी सोडली होती मीच.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेल्या. पूर्वी दुसऱ्या गावाला फोन लावायचा तर ट्रंक कॉल बुक करावा लागे. कानाला हेडफोन लावून तो जोडून देणाऱ्यांपैकी या एक. एकतीस वर्षं नोकरी. लग्न केलं नाही की जमलं नाही, हे मला वीस वर्षांच्या शेजारात काढता आलं नाही, आणि मी प्रयत्नांत कसूर केलेली नाही. अजूनही फोन घेताना पाठ ताठ करतात आणि ट्रंक कॉलच्या जुन्या चिठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहितात: वेळ, बोलणाऱ्याचं नाव, तक्रार नंबर.

जूनमध्ये माझी पाळी आली. मी हिंगण्याला एका कारखान्यात स्टोअरकीपर. तीन वर्षांपूर्वी गेटवर एका टायवाल्यानं 'जिंदगीभर फ्री' म्हणत माझ्या गळ्यात क्रेडिट कार्ड मारलं आणि वर एक ट्रॉली बॅग दिली. कार्ड मी पाकिटातूनही काढलं नाही. बॅगेचं चाक मात्र आठवड्यात निघालं. बँकेनं त्या झोपलेल्या कार्डावर वार्षिक फी लावली, फीवर दंड, दंडावर व्याज. सगळे हिशेब जुन्या ईमेलवर जात राहिले, ज्याचा पासवर्ड मलाच आठवत नव्हता. आणि आमच्या भूमिकाला नर्सिंगला सीट मिळाली, तेव्हा शैक्षणिक कर्जाच्या शाखेत साहेब म्हणाले, "वडिलांच्या नावावर अकरा हजारांची थकबाकी दिसते. कर्ज होणार नाही." फी भरायला पाच आठवडे होते. नाही भरली तर सीट दुसऱ्याला.

मी कस्टमर केअरला फोन लावला आणि जे तोंडाला आलं ते बोललो. फोन कटला. पुन्हा लावला, पुन्हा कटला. तिसऱ्यांदा कटला तेव्हा भिंतीपलीकडून बाईंनी टकटक केली.

"काहून गा जितेंद्र, वरडून काहून राहिला?"

"काकू, लाइनच कटून राहिली ना!"

"लाइन कटून नाही राहिली. ते कापून राहिले. आम्ही पण कापत होतो."

"काय?"

"वरडणाऱ्याची लाइन कापायची, अन् मग म्हणायचं, लाइन खराब आहे जी. ये इकडे. पाणी पिऊन ये."

पुढचे नऊ दिवस मी सेकंड शिफ्टला जायच्या आधी त्यांच्या टेबलाशी बसलो. बोलायचं मीच, कारण बँकेला कार्डवालाच लागतो. बाई शेजारी बसून चिठ्ठीवर माझं पुढचं वाक्य लिहायच्या. माझा आवाज चढला की मोबाइलवर तळहात ठेवायच्या. होल्डवर संगीत लागलं की स्वेटर विणायच्या. माझी बायको दामिनी चहा आणून द्यायची आणि मला असं मऊ बोलताना पाहून म्हणायची, "काकू, याले घरी पण चिठ्ठी देत जा."

सहाव्या फोनला सत्तेचाळीस मिनिटांनी एक मुलगी लाइनवर आली. मी रडकुंडीला आलेलो. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं: 'तिले विचार, जेवली का.' मी विचारलं. ती म्हणाली, "नाही सर, ब्रेक व्हायचाय." मग तिनं सावकाश सगळी नोंद वाचली. कार्ड एकदाही चालू केलेलं नव्हतं. पुढची चिठ्ठी तयारच होती: 'हे लिहून पाठवा म्हण.'

तिनं ईमेल पाठवला. तो जोडून बाईंनी बँकेच्या वरच्या तक्रार अधिकाऱ्याला माझ्याकडून पत्र लिहून घेतलं: तीस दिवसांत कार्ड चालू केलं नाही, तर ग्राहकाची संमती घ्या, नाही तर फुकटात बंद करा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, माझी संमती कुठे आहे? खाली सहाही फोनच्या वेळा आणि नावं. सतरा दिवसांनी उत्तर आलं. फी, दंड, व्याज सगळं रद्द, कार्ड बंद, थकबाकी नसल्याचं पत्र सोबत. शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी कर्ज झालं.

आता भूमिका पांढऱ्या गणवेशात सकाळी बाईंच्या दारावरून जाते आणि बाई तिची वेणी तपासतात. हे उपकार मी कुठं ठेवू ते मला कळत नाही. संत्रा बर्फीचा डबा घेऊन गेलो आणि एकदाचं कबूल केलं, "काकू, मार्चमधली ती बातमी मीच सोडली होती."

बाई बर्फी मोडत म्हणाल्या, "माहीत आहे मले. तेव्हाच तुझी लाइन कापली असती, पण तू वरडून नव्हता सांगत, एकेकाच्या कानातच सांगून राहिला होता."