लांडग्यानं नेलेली शेळी

माझ्या कादंबऱ्यांतल्या नायकांची मला किळस येते. तीन कादंबऱ्या, तीन नायक, आणि तिघेही धुतल्या तांदळासारखे. एकालाही कधी खोटं बोलावं लागत नाही, एकही चारचौघांत तोंडघशी पडत नाही. वाचक भल्या मनाचे, म्हणून ‘छान लिहिता’ म्हणतात आणि पुस्तक अर्ध्यावर ठेवून देतात. माझ्या बायकोनंही ठेवलंय.

ही खोड कुठून लागली ते मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या बीडकडे दहाव्याला भाषणं होतात. पिंड मांडलेले असतात, कावळ्याची वाट बघणं चालू असतं आणि तेवढ्यात कुणीतरी हातात माईक देतो. मी लेखक, त्यात कॉलेजात मराठी शिकवणारा. त्यामुळे नेकनूरपासून लिंबागणेशपर्यंत कुणीही गेलं की मला निरोप. गेलेला माणूस जन्मभर दुसऱ्याचा बांध कोरत आलेला असला तरी माझ्या तोंडून तो अजातशत्रू होऊनच बाहेर पडायचा. ज्याचा बांध कोरला तोही समोर बसून मान डोलवायचा. आता आठवलं तरी तोंड कडू होतं.

दोन वर्षांपूर्वी माझा चुलता गेला. शेळ्यामेंढ्या राखण्यात त्याचा जन्म गेला. त्याच्याही दहाव्याला मी बोललो. मुक्या जिवांचा कैवारी, सत्यवचनी, निर्व्यसनी. ‘निर्व्यसनी’ ऐकल्यावर मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघून माना खाली घातल्या, तेही मला दिसलं होतं. तरी मी थांबलो नाही. कुणीतरी ते भाषण मोबाइलवर घेतलं आणि भावकीच्या ग्रुपवर टाकलं. दिवसभर जोडलेल्या हातांची चित्रं येत राहिली.

महिन्याभरानं चुलतीला भेटायला गेलो. तिनं नातीला तेच भाषण लावायला सांगितलं. मला वाटलं, आता रडेल. ती ओट्यावर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिली, तोंडातली तंबाखू थुंकली आणि म्हणाली, “ह्यो कोन हाय?”

“काकू, आपले नानाच की.”

“न्हाई. ह्या बाप्यासंगं म्या एक दिस बी काढला न्हाई. आमच्या मालकाला कुटं ठिवलास तू? म्या गेले की त्येंला वळखनारं कोन ऱ्हातंय?”

मला आधी रागच आला. एवढं चांगलं बोललो, त्याचं हे फळ. मग तिनं शेळीची गोष्ट काढली. ती मला माहीत होती, सगळ्या भावकीला माहीत होती आणि म्हणूनच मी ती टाळली होती.

तिच्या माहेरून आलेली एक काळी शेळी होती, डाव्या कानावर पांढरा ठिपका असलेली. चुलत्यानं ती नेकनूरच्या बाजारात विकली, पिऊन घरी आला आणि सांगितलं की कपिलधारच्या डोंगरात लांडग्यानं नेली. रडलासुद्धा. पण आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. सौदा झाला की विकणारा जनावराच्या गळ्यातलं दावं सोडून घरी आणतो, नाहीतर दावण रिकामी होते म्हणतात. चुलता प्यायला, खोटं बोलला, पण ही रीत मोडायची त्याची छाती झाली नाही. डोळे पुसायला त्यानं खिशातून रुमाल ओढला आणि रुमालाबरोबर शेळीचं दावं बाहेर आलं.

“लांडग्यानं दावं सोडून दिलं व्हय?” चुलतीनं एवढंच विचारलं आणि बोलणं टाकलं.

पुढे बाजारामागून बाजार चुलता ती शेळी हुडकत हिंडला. ती काही सापडली नाही. शेवटी तो दुसरीच एक काळी शेळी घेऊन आला आणि म्हणाला, लांडग्याच्या तावडीतून सुटून आली. ठिपका मात्र उजव्या कानावर होता.

ऐकता ऐकता मला स्वतःची शिसारी आली. वर्गात मी मोठ्या ऐटीत शिकवतो की नायकाला काहीतरी जिवापाड हवं असावं लागतं, त्यानं चुकावं, चूक झाकावी, ती उघडी पडावी आणि तरी त्यानं धडपडत राहावं. पोरं ते वहीत उतरवून घेतात. असा नायक माझ्या घरात शेळ्या राखत होता आणि त्याला मी माईकवरून पुसून टाकलं. कशासाठी, तर पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या चार पांढऱ्या कपड्यांसाठी.

“मग तू काय केलंस, काकू?”

“काय करायचं? तेच दावं बांदलं त्या शेळीला. आन दूध काडाय बसले.”

हे लिहितो, असं मी तिला म्हणालो. लगेच मनात भीती शिरली. दारूचं लिहू का? खोट्याचं? तुझी पोरं नोकरीला आहेत, सोयरेधायरे वाचतील, गेलेल्या माणसाला कशाला नावं ठेवायची, असं बरंच काही बोलत राहिलो. तेव्हाही माझ्या तोंडून तोच दहाव्याचा वक्ता बोलत होता.

चुलतीनं मला बोलू दिलं.

“समदं लिही,” ती म्हणाली. “मालक येवडं गुनाचं व्हतं, तर जलमभर म्या माफ कुनाला केलं?”