दहा गुणांचा फ्रेंच लेखक

उत्तरपत्रिका तपासायचं नाव काढलं की मी आता काहीतरी सबब सांगतो. त्या वर्षी सोलापुरातल्या तपासणी केंद्रावर पंखे गरम वारा फेकत होते आणि माझ्यापुढे बी.ए.चा गठ्ठा होता. प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या एका थोर फ्रेंच कादंबरीकारावर, त्याचं नाव देऊन विचारलेला : वाङ्मयीन कर्तृत्व स्पष्ट करा. गुण दहा.

चाळीस पोरांचं उत्तर एकच. लेखकाची शैली हळुवार, स्वप्नाळू, निसर्गात रमणारी. खाली पट्टीने मारलेली रेघ. हे सगळं नवी पेठेत मिळणाऱ्या गाइडमधलं. आम्हाला दिलेलं आदर्श उत्तरही त्यातूनच उतरवलेलं. गाइडवर लेखक म्हणून फक्त ‘अनुभवी प्राध्यापक’ एवढंच छापलंय. तो अनुभवी प्राध्यापक मी. त्या कादंबरीकाराचं एक पानही न वाचता, घाईघाईत, दुसऱ्याच एका फ्रेंच कवीचे मुद्दे मी त्याच्या नावावर खपवले होते.

एकेचाळिसावी पत्रिका एका मुलीची निघाली. तिने लिहिलं होतं, हा लेखक मुळीच हळुवार नाही. तो खाणीत शिरतो, दारूच्या गुत्त्यात शिरतो आणि माणसांचा घाम, भूक, ओकारी जशीच्या तशी मांडतो. पुढे होतं, ‘माझी आई विड्या वळते. तिच्या साडीला येणारा तंबाखूचा वास पुस्तकात येऊ शकतो, हे मला या लेखकामुळे कळलं.’

मी पत्रिका घेऊन प्रमुख परीक्षकांकडे गेलो. उत्तर अस्सल आहे, भरपूर गुण द्यायला हवेत, असं सांगितलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं.

“आदर्श उत्तरात हाय का हे? न्हाय की,” ते म्हणाले. “आन् सर, तुमी वाचलीय का त्याची एखादी कादंबरी?”

नाही म्हणालो. ते खरंच होतं. आदर्श उत्तर चुकलंय आणि चूक माझी आहे, एवढंच बोलायचं होतं. पण मग गाइड कुणाचं ते उघड झालं असतं आणि, प्राध्यापकांना गाइड लिहायला बंदी असल्याने, नोकरीवर बेतलं असतं. मी पत्रिका उचलली आणि जागेवर येऊन बसलो.

दोन गुण दिले. बेरीज केली. मुलगी तीन गुणांनी नापास झाली.

तेवढ्यात चहा आला, सोबत गरम भजी. मी चार खाल्ली. ती मला चांगली लागली, याची आजही शिसारी येते.