आमच्या घरचा गडी

मी गाव सोडलं त्या सकाळी बाबांनी एसटीच्या कंडक्टरला सांगितलं, "पोरगी बीकॉम हाय. पुन्याला नीट उतरवा." कंडक्टरनं काही विचारलंच नव्हतं. माझी बॅग त्याच्या पायात येत होती, ती आधी हलवा एवढंच त्याचं म्हणणं होतं. मी लाजेनं अर्धी झाले. पण आमच्या वाडीत माझ्याआधी कॉलेज पुरं केलेलं कुणी नव्हतं, मुलगा नाही की मुलगी नाही. त्यामुळे बाबा ही बातमी मीटर वाचायला येणाऱ्या माणसालाही सांगायचे. आई स्टॉपवर आलीच नाही. म्हैस सोडायची राहिली म्हणाली. खरं म्हणजे ती आदल्या दिवसापासून चिडली होती. तिनं बांधून दिलेले पोहे नि कुळथाचं पीठ मी काढून ठेवलं होतं, पुण्यात सगळं मिळतं म्हणून. "सगळा तिकडंच मिळतो तर हिकडं येशील कशाला?" एवढंच बोलून ती गोठ्यात गेली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. धाकटा भाऊ बोटीवर असतो, वर्षातले बरेच महिने त्याचा फोनही लागत नाही. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. आई पुण्याला यायला तयार नाही. आली तर दुसऱ्या दिवशी बाल्कनीत उभी राहून विचारते, "हितं मानसा बोलत नाय काय?"

माझ्यासारखे जे बाहेर पडलेत त्यांना हा वैताग ठाऊक असेल. ऑफिसात गाव विचारतात, आपण रत्नागिरी सांगतो, की समोरचा लगेच खूश. "अय्या, किती लकी! घरासमोरच समुद्र असेल ना?" नाही हो. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, आत. समोर सडा आहे, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान, मार्चनंतर तव्यासारखं तापणारं. मागे पऱ्या आहे, म्हणजे ओढा. समुद्र बघायचा तर आम्हालाही गाडी करून जावं लागतं. पण हे ऐकायला कुणी थांबत नाही. केतन तर मुळीच नाही. केतन नि श्रुती हे माझे ऑफिसातले मित्र. केतनकडे नवी गाडी, श्रुतीकडे नवा फोन, आणि दोघांनी मिळून डिसेंबरातली कोकणची रोड ट्रिप ठरवली. प्लॅन असा की वाटेत माझे नातेवाईक असतीलच, तिथे "ऑथेंटिक" जेवायचं.

मी आईला फोन केला. येतोय म्हटल्यावर ती म्हणाली, "रविवार धरून या. रविवारी हितंच ऱ्हावा." मी बरं म्हटलं. मग तिचा पुढचा प्रश्न, "पोरगे कोन कोन हायत?"

मला इथेच राग आला. म्हटलं, "आई, आता असं काही नसतं. मित्र आहे तो. लोक काय म्हणतील ते म्हणू देत."

"ता मी कुठं इचारला? अंगानं कसा हाय?"

मी फोन ठेवला. शिकल्यासवरल्या मुलीच्या आईनं असं विचारावं याचं मला दिवसभर वाईट वाटत होतं.

निघालो शुक्रवारी. कुंभार्ली घाट उतरला की पोफळी. तिथल्या वीज प्रकल्पाच्या कॉलनीत माझा मामा राहतो. प्लॅनमध्ये त्याच्याकडे फक्त चहा होता. मामीनं चहाबरोबर पोहे दिले, पोह्यांनंतर जेवायचं ठरवून टाकलं आणि आम्ही नको म्हणेपर्यंत कोंबडी शिजायला पडली होती. तोवर मामानं आम्हाला अंगणात उभं करून समोरचा डोंगर दाखवला. धरणाचं पाणी या डोंगराच्या पोटातून कसं येतं, खाली चक्रं कशी फिरतात. "तुमच्या पुन्यातला पंखा हितनं फिरतो," असं तो केतनला दोनदा म्हणाला. केतनला पुढच्या वाटेवरचा सनसेट हवा होता. तो मामानं ढेकर देईपर्यंत केव्हाच होऊन गेला होता.

शनिवारी अंजनवेलला गोपाळगड बघितला. ते मात्र मान्य करते, बरं वाटलं. गवत पिवळं पडलेलं, बुरुजाखाली दाभोळची खाडी समुद्राला मिळते तिथं पाण्याचे दोन रंग दिसत होते. एका बाजूला तो मोठा गॅसवरचा वीजप्रकल्प. श्रुती त्याची चिमणी फोटोत येऊ नये म्हणून एवढी वाकली की मला तिचा हात धरावा लागला. मी इतकी वर्षं जिल्ह्यात काढली नि हा किल्ला पाहिला नव्हता, हे मी त्यांना सांगितलं नाही. आपलंच गाव आपण पाहुण्यांच्या गाडीतून बघायचं, हेही एक आलंच नशिबी.

संध्याकाळी घरी पोचलो. आईनं माझ्याकडे बघितलं न बघितलं आणि केतनला आपादमस्तक न्याहाळलं. खांदे बघितले. "जिमला जातो काकू," तो उगाचच म्हणाला. जेवताना त्याच्या ताटात भात सरेना. "खा रे बाबा, उद्या काम हाय." केतन हसला. त्याला वाटलं कोकणी विनोद आहे.

सकाळी कळलं. रविवारी पऱ्यावर बंधारा घालायचा होता. पाऊस गेला की दरवर्षी आमची वाडी मातीच्या गोणी नि दगड रचून पाणी अडवते. मग ते पाटानं खालच्या शेताच्या तुकड्यांना मिळतं, प्रत्येक घराला आठवड्यातून एक दिवसाची पाळी. नियम एकच, घरटी एक गडी कामाला आला पाहिजे. ज्या घरचा गडी नाही त्याला पाळी नाही. बाबा गेल्यावर पहिल्या साली चुलत काकांनी आमच्यातर्फे आपला मुलगा दिला. तो मुलगा आता मुंबईला लागला. आणि त्या तुकड्यावर आईचा मुळा, माठ, पावटा, सगळा हिवाळा. पाणी नसेल तर तिच्याकडे तिथं जायला कारण उरत नाही. आणि तेवढं कारण गेलं की ती पुण्याच्या बाल्कनीत उभी राहणार, हे तिलाही कळत होतं नि मलाही.

तर म्हणून तिनं वाडीत सांगून ठेवलं होतं, आमचा गडी पुन्यासनं येतोय.

मी कपाळाला हात लावला. केतन मात्र एकदम तयार. श्रुतीला म्हणाला, व्हिडिओ काढ.

आम्ही बाया चहाची किटली घेऊन गेलो तेव्हा ओळ लागली होती. वाडीतले कर्ते पुरुष बहुतेक मुंबईत, त्यामुळे ओळीत सगळे साठीच्या पुढचे. त्यांच्यात केतन उठून दिसत होता, पण थोडाच वेळ. गोणी ओली असते, तिला कान नसतो, ती पोटाशी धरावी लागते. त्यानं ती डंबेलसारखी उचलली. तळहात सोलले, कमरेत चमक भरली आणि गडी किंजळीच्या झाडाखाली हातावर फुंकर घालत बसला. ओळीत खिंडार पडलं. मी किटली खाली ठेवली नि त्याच्या जागी उभी राहिले.

तात्या आमच्या वाडीचे गावकार, म्हणजे असल्या कामांचे म्होरके. ते वरून ओरडले, "तू कशाला गो? तू च्या दे. तुमचा गडी हजेरीला लागला."

"तात्या, तो बसलाय."

"बसू दे. पुन्याचा हाय. इतका केलान ता पन लय झाला."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मी या पऱ्यात पोहायला शिकले. मी गोणी उचलली तर ती मोजायची नाही, नि हा झाडाखाली बसला तर आमची हजेरी?"

तात्या रागावले नाहीत. तेच जास्त लागलं. "ता मला कळतं बाय. तू शिकलीस, आमाला अभिमान हाय तुझा. ह्याला यंदापुरता धरला गडी म्हनून. पन घरातला कोनतरी दिसाय नको? ह्यो उद्या गाडीत बसंल. तू पन बसशीलच की गो."

गाडी उभी होती, बॅगा अर्ध्या भरलेल्या होत्या.

आई माझ्यामागेच होती. तिनं पदर खोचला, मला बाजूला केलं आणि पाण्यात उतरली. "मंग मी हाय. मी कुठं जात नाय. आन ती गोनी."

शेजारचा म्हातारा म्हणाला, "वैनी, जड हाय हां."

"माजी म्हस रोज तू वढतोस काय?"

ओळीत हसू फुटलं आणि गोणी पुढं सरकली. बंधारा पुरा होईपर्यंत आई जागची हलली नाही. मी किटलीही नीट फिरवली नाही, तिच्याकडेच बघत राहिले.

काम संपलं की तात्या एकेका घराला हाक मारतात आणि त्या घरचा गडी ओ देतो. अजूनही बाबांच्याच नावानं आमचं घर. "गोविंदाचा घर!" माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. केतन शहाणा, तो आईकडे बघत होता. आई लुगड्याचा ओचा पिळत होती. वर न बघता म्हणाली, "हाय."

तात्यांनी तिच्या ओल्या लुगड्याकडे बघितलं. अडवल्यामुळे पऱ्याचा आवाज कमी झाला होता, पाणी चढत होतं. मग म्हणाले, "गोविंदाच्या घराला बुधवार." नि पुढच्या घराला हाक मारली.

मला रडू यायला लागलं होतं. वाटेत मी तिचा हात धरला तर तिनं तो सोडवून घेतला. "तुला मधी बोलाया कुनी सांगितलान? गपचिप गडी मिळाला व्हता. आता दरसाल मलाच उतराया लागंल."

"आई, मी तुझ्यासाठीच बोलले ना!"

"माज्यासाटी बोलायचा तर फोनवर बोल. हितं गोनी उचलायची असते."

त्या दिवशी समुद्रकाठच्या नाटे गावी आत्याकडे जायचं राहूनच गेलं. केतनला सीटवर नीट बसता येत नव्हतं. आत्यानं फोनवर सुनावलं, "सुरमई आनून ठेवलीय, ती आता तुजा बॉस खाईल काय?" समुद्रात पाय भिजवायचे राहिले म्हणून श्रुती घाटापर्यंत कुरकुरत होती. मागच्या सीटवर पोह्यांची नि कुळथाच्या पिठाची पिशवी होती. यावेळी मी काही काढून ठेवलं नव्हतं, नि आईनं ते पाहिलंसुद्धा नाही, ती गुरांकडे गेली होती.

गावात राहिलेल्यांनो, आम्हाला वाटतं, आम्ही तिकडे बसून गावाची आठवण काढतो म्हणजे गाव थोडंफार आमच्यावरही उभं आहे. मलाही वाटायचं. शिकले, नाव काढलं, सणाला येते, फोन करते, मग माझं घर माझंच की. पण तात्यांच्या हाकेला ओ द्यायला मी पाण्यात नव्हते, काठावर होते, नि हातात किटली होती.

पुण्यात आल्यावर त्याच आठवड्यात मी दुपारच्या सुट्टीत आईला फोन केला. दहा-बारा वेळा वाजला. उचलला तेव्हा ती धापा टाकत होती. मागं पाटाचं पाणी ऐकू येत होतं.

"ठेव बाय. आज बुधवार."

तिनं ठेवलासुद्धा.

घर कुठलं म्हणून आता कुणी विचारलं तर मी पूर्वीसारखी समुद्रावरून वाद घालत बसत नाही. सांगते, रत्नागिरी जिल्ह्यात आत एक वाडी आहे, तिथं माझ्या आईचा बुधवार असतो. त्या दिवशी मी फोन करत नाही.