दोन ते सहा

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं आमच्या भागात सगळे म्हणतात. खरं आहे. गेवराईपासून नांदूरघाटापर्यंत कुणाची सोयरीक कशावरून मोडली, कोणत्या पुढाऱ्याचं भाषण चालू असताना स्टेजची फळी निघाली — मला विचारा, मी सांगतो. नुसतं सांगत नाही, करून दाखवतो. पुढारीही मी, फळीही मीच. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, भावाला नाही. नारायणगडाला गेलो, हात जोडले, डोळे मिटले, आणि तिथेही विषय बदलला. देवासमोर विषय बदलणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? आता पाहा.

मी हायवेवरच्या एका हॉटेलाचा मॅनेजर आहे. मोठं हॉटेल. पुढे ट्रॅव्हल्स थांबतात, बाजूच्या मैदानात ट्रक. मालक संभाजीनगरला राहतो, महिन्यातून एकदा येतो, चहा पितो, संडास स्वच्छ आहे का बघतो आणि जातो. बाकी राज्य माझं. काय राज्य! दोन तंदूर, सहा भाकरीवाल्या बाया, बारा वेटर आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेला एक तक्ता — कुणी किती ते किती यायचं याचा. तो तक्ता मी लिहायचो. जाड निळ्या स्केचपेननं. लिहिताना मला कलेक्टर झाल्यासारखं वाटायचं. चाळिशी उलटलेला माणूस, आणि एवढ्यावर खूश. असो.

बाया तासावर होत्या. आठ तास भरायचे. तिघी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, तिघी दुपारी दोन ते रात्री दहा. म्हणजे दोन ते सहा सहाही जणी एकदम हजर — आणि नेमकं त्याच वेळी हॉटेलात माश्यांशिवाय कुणी नसतं. मग त्या ज्वारी निवडायच्या, लसूण सोलायच्या, आणि बोलायच्या. मी तिथे खुर्ची टाकून बसायचो. गोष्टी सांगायचो. माझं हक्काचं थिएटर होतं ते.

त्या सहा जणींत सुभद्राबाई. मेंढपाळाच्या घरची. नवरा मेंढरं घेऊन सात-आठ महिने बाहेर, ही घरी. भाकरी अशी थापायची की तव्यावर पडताना आवाज नाही. ट्रकवाले विचारायचे, आज ती बाई आहे का? असली तर दोन भाकरी जास्त. कामात तिच्या बोट ठेवायला जागा नव्हती. मग मी तिच्या वाकड्यात का शिरलो?

सांगतो. हसू नका — किंवा हसा, मी हसण्याच्याच लायकीचा आहे.

एका दुपारी मी रंगात आलो होतो. एका सरपंचाची आणि त्याच्या हरवलेल्या बैलाची गोष्ट. उठून उभा राहिलो होतो, बैलाची चाल करून दाखवत होतो. आणि सुभद्राबाई लसणाची पाकळी सोलता सोलता, मान वर न करता म्हणाली,

"भाऊ, बैल सापडला हाय. मागच्या हप्त्यातच सापडला. तुमीच सांगितलंतं."

सगळ्या खदखदून हसल्या. तंदूरवालाही हसला. मी अर्धा बैल होऊन उभा. मीही हसलो, बरं का. मोठ्यांदा हसलो. मग काउंटरवर जाऊन बसलो, आणि त्याच संध्याकाळी निळं पेन काढलं.

नवा तक्ता असा: सहाही जणी सकाळी दहा ते दोन. मग सुट्टी. मग पुन्हा सहा ते दहा.

कागदावर काय सुरेख दिसत होतं! जेवणाच्या दोन्ही गर्दीत सहा जोड हात. तास तेवढेच, पगार तेवढाच. फक्त आधी बाईचे दिवसातले आठ तास जायचे, आता बारा जाणार होते. मधले चार तास कुणाचे? तिचे म्हणायचे. पण तिचं गाव सात किलोमीटर आत. आमचा पिकअप सकाळी आणायचा, रात्री सोडायचा. मध्ये ना जीप, ना रिक्षा. चार तास — जाऊन यायला कमी आणि बसायला जास्त. हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच आवडलं होतं.

आता माझी खरी कारागिरी ऐका.

मालकाला मी फोनवर सांगितलं, "बायांचीच मागणी आहे. मधल्या वेळात घरचं उरकून येतील म्हणतात." मालक तसा वाईट नाही. त्यानं विचारलं, जमेल का त्यांना? मी म्हणालो, खुशीत आहेत. आणि बायांना सांगितलं — मालकाचा हुकूम आला, माझा इलाज चालेना.

दोन्हीकडे एकच तोंड आणि दोन खोटी. मध्ये मी. मालकाला वाटायचं, मॅनेजर किती हुशार. बायांना वाटायचं, मॅनेजर किती मायाळू. असा सौदा कुणाला मिळतो?

बाया रडकुंडीला आल्या. "कावून तोडली आमची ड्युटी, भाऊ? आमचं काय चुकलं?" मग मी नाटक सुरू केलं. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून फोन कानाला लावायचो. पलीकडे कुणी नसायचं. "नाही मालक, ऐका तर! माणसं आहेत ती! अहो, उन्हाचं कुठे जातील?" कपाळाला हात लावायचो. आवाज कातर करायचो. आत चुली शांत, बाया कान देऊन. एकदा असा गळा काढलेला असताना कानाला लावलेला फोन खराखुरा वाजला! माझ्या मेहुण्याचा. दुसरा कुणी जागीच मेला असता. मी म्हणालो, "बघितलं? रागानं कापला, आता शिव्या द्यायला तोच लावतोय." आणि बाहेर जाऊन मेहुण्याशी बोललो. परत आलो तेव्हा सुभद्राबाईनं मला पाणी आणून दिलं.

त्या दसऱ्याला तिनं मला घोंगडी दिली. घरच्या लोकरीची, काळी, नवी कोरी. त्यांच्यात घोंगडी अशी ऊठसूट कुणाला देत नाहीत. म्हणाली, "तुमी आमच्यासाठी लई बोलणी खाल्ली, भाऊ." मी काय केलं असेल? डोळे पुसले. तुम्हाला सांगतो, खरंच पाणी आलं होतं. माझ्या चांगुलपणानं मलाच गहिवरून आलं होतं. इतका निर्लज्ज गहिवर तुम्ही कधी अनुभवलाय?

पण मुद्द्यावर येत नाहीये मी. हे सगळं लबाडीचं झालं. लबाडी मी हसत सांगू शकतो, आत्ता सांगितलीच. पुढचं हसत सांगता येत नाही, म्हणून एवढा वेळ बैल आणि मेहुणा नाचवला.

दोन ते सहा त्यांनी बसायचं कुठे?

आत नाही. आत बसल्या की हात चालणार, हात चालला की तो तास धरावा लागणार. म्हणून मी आत बसायला बंदी केली. "मालकाचा नियम," म्हणालो. बाहेरची झाडं रस्ता रुंद करताना गेलेली. मागे पत्र्याची शेड, पण ती उन्हात भाजणारी. मग बाया मैदानात उभ्या ट्रकच्या सावलीला बसायला लागल्या. ट्रक निघाला की उठायचं, दुसरा ट्रक बघायचा. सावलीबरोबर सरकत राहायचं. काउंटरच्या काचेतून मला दिसायच्या — पदर डोक्यावर, पिशव्या हातात, या ट्रककडून त्या ट्रककडे. दिसायच्या तेव्हा मला काय वाटायचं? गंमत वाटायची. आता कुणाला सांगाल बैल सापडला म्हणून?

एप्रिलमधली दुपार. साडेतीन वाजले असतील. सुभद्राबाई सिमेंटच्या एका ट्रकच्या कडेला पदर पसरून कुशीवर झोपली होती. उजवा हात चाकाच्या पुढ्यात. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपला होता. तो उठला, त्याला काही दिसलं नाही, त्यानं गाडी सुरू केली. गाडी हातभर पुढे आली. हातभरच.

मी तेव्हा कुठे होतो? आतल्या गार हॉलमध्ये. लातूरकडचं एक कुटुंब जेवत होतं आणि मी त्यांना गोष्ट सांगत होतो. किंकाळी आली. बाईची आहे हे कळलं, आमच्यातली आहे हेही कळलं. माझ्या गोष्टीचं शेवटचं वाक्य राहिलं होतं.

मी ते वाक्य पूर्ण केलं. ते लोक हसले. मग मी उठलो.

दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. उरलेला पंजा उघडत नाही आणि मिटत नाही.

चार-पाच दिवसांनी मालक आला. सुभद्राबाई आणि आमच्याकडेच भाकरी करणारी तिची जाऊ ऑफिसात उभ्या. बसा, असं मीही म्हणालो नाही. सुभद्राबाईला एकच हवं होतं — कामावर राहायचं होतं. "भाकरी न्हाई जमणार, मालक. बडीशेप भरीन, टेबलं पुशीन, डाव्या हातानं समदं करीन. मला काढू नका." काम सुटलं की बाईला नवऱ्याबरोबर मेंढरांमागे जावं लागतं, आणि त्या हातानं तिला काठीही धरता येत नव्हती.

मालकानं मला विचारलं, "कामात असताना लागलं का? कामात लागलं असेल तर आपण तिला सोडायचं नाही. गल्ल्याशेजारी बसवू."

एवढं सरळ. एक होकार द्यायचा होता. कामात होत्या, मालक, बाहेर ज्वारी वाळत होती ती राखत होत्या — असलं खोटं मी झोपेतही बोलतो. आयुष्यभर फुकटची खोटी बोललो, आणि एक खोटं कुणाच्या उपयोगी पडणार होतं तेव्हा माझी जीभ एकाएकी सत्यवादी झाली. का? कारण कामात होत्या म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, साडेतीनला कोणतं काम? मग तक्ता निघणार. मग तक्ता कुणी केला, हे निघणार.

"नाही," मी म्हणालो. "सुट्टीत होत्या."

मालक तिच्याकडे वळला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, म्हणून तो चिडला होता. "बाई, घरी जायचं सोडून तिथं कशाला झोपलात? घरी जाता यावं म्हणूनच मागून घेतली ना तुम्ही ही ड्युटी?"

झालं. ज्या दोन माणसांना मी इतके दिवस एकमेकांपासून लांब ठेवलं होतं, ती टेबलाच्या दोन बाजूंना. जावेनं तोंड उघडलंही — "आमी? आमी कवा —"

सुभद्राबाईनं डाव्या हातानं तिचा दंड धरला. माझ्याकडे बघितलं.

"व्हय मालक," ती म्हणाली. "आमीच म्हणलंतं भाऊला."

बाहेर आल्यावर मी तिच्या मागे गेलो. काय म्हणणार होतो कोण जाणे. तीच बोलली. जावेला समजावल्यासारखं, हळू. "अगं, भाऊनं मालकाला काहीतरी पटवायला तसं सांगितलं असंल. त्यांना तोंडावर कसं पाडायचं? त्यांची नोकरी गेली तर मागं राहिलेल्या तुमा पाच जणींच्या बाजूनं बोलायला कोण हाय?"

मी पिकअपचं दार उघडून धरलं. जावेनं मला नमस्कार केला आणि दोघी पिकअपमध्ये बसल्या. तो पिकअपही मीच मागवला होता. त्याबद्दलही तिनं आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तक्त्यावरचं तिचं नाव खोडलं. तिथे दुसऱ्या बाईचं नाव लिहिलं.

ती अधूनमधून भेटते. गेल्या महिन्यात बाजारात भेटली, घरी चला म्हणाली, गेलो. तिनं डाव्या हातानं भाकरी केली. उजवा पंजा नुसता कडेला लावायचा, आधाराला. एका बाजूनं जाड, एका बाजूनं फाटलेली. माझ्या ताटात वाढली आणि बघत बसली. मी "वा!" म्हणालो. मान डोलावली. दुसरी मागून घेतली. ती लाजली, शेजारणीकडे वळून म्हणाली, हेच ते भाऊ.

मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली. नवी.

हॉटेल चालू आहे. मॅनेजर मीच. बाया सहाच आहेत — दहा ते दोन, आणि सहा ते दहा.