बापाकडचा वाटा

मालेगाव रोडवर वांगे-मेथी पिकवणारा चंपतभाऊ आमच्या शेजारचा. मी भुरीबाई. माही गाय त्याच्याच वळूवर जाये. आख्ख्या गावाच्याच जात. त्याच्या बापापासूनचा रिवाज, वळूचा पैसा घ्यायचा नाही. फक्त टोपलंभर सरकीची ढेप न्यायची, तीबी वळूच्या तोंडापुढं ठेवायची. अन् वरून चंपतभाऊचं भाषण फुकट, "वशिंड पाय वयनी, कान पाय! अस्सल गावठी, थेंबाची भेसळ नाही." बाई, किती मिरवे तो मानूस!

गेल्या वर्षी वाशीमच्या जिनलबाई आल्या, हुकूमचंद शेठच्या नातसून. त्यायले ए-टू दूध विकाचं होतं, म्हंजे अस्सल गावठी गाईचं. आमाले काय मालूम? आमच्यासाठी दूध ते दूध. पन आठ घरं तयार झाली. डॉक्टरनं गाईयच्या शेपटीचे केस उपटून तपासाले धाडले.

पाच गाई नापास. माहीबी.

"वासराले एक वाटा मायचा, एक बापाचा," डॉक्टर सांगून राह्यला होता. "यायच्या मायाबी तपासल्या, त्या बरोबर हायत. हा ए-वनचा, म्हंजे जर्सीसारख्या इदेशी गाईयचा वाटा बापाकडून आला. त्याच्यात दोन्ही हायत, जिले जो भेटला तो."

पाचहीचा बाप एकच, चंपतभाऊचा वळू. आमी सारे चंपतभाऊकडे पायलं.

"बाबा बिमार होते तवा या वळूच्या आजीले मी जऊळक्याले जर्सीवर नेलं होतं," तो म्हने. "तिची कालवड भुरकी झाली. पन तिच्या पोटी आमच्या गावठी वळूपासून हा पांढराशुभ्र आला, वशिंडाचा. मले वाटलं, रंग परतला म्हंजे रगतबी परतलं. म्हून कोनाले बोललो नाही."

मी त्याले लय बोलली. लबाड म्हनलं, गावाच्या गोठ्याचा नास केला म्हनलं. कायले बोलली वो मी? जिनलबाई दुसऱ्या गावाले गेल्या. चंपतभाऊनं कोनी न सांगता डॉक्टरले बोलावलं अन् वळू खच्ची केला. जिजाबाई, त्याची बायको, दोन दिवस जेवली नाही.

परवा माही गाय माजावर आली. दावं तोडून सरळ त्याच्या फाटकापाशी जाऊन हंबरत उभी राह्यली. मी मागं धावत गेली. आत वळू कडबा खात होता, त्यानं मान वर केली नाही. चंपतभाऊ बाहेर आला, माह्याकडे पायलं नाही. गाईच्या गळ्याखाली खाजवत म्हने, "जाय माय घरी. तो बैल झाला आता."