धुऱ्यावर बांधलेली लेकरं

शहरातून आलेल्या बाईंनी माझ्या सुजाताला चपलेच्या टोकानं मागं सरकवलं. हात लावला नाही. म्हणाल्या, "हिला तिकडे घे. इथं बाकीची मुलं बसायचीत."

मालकाच्या अंगणात सतरंजी अंथरली होती. कोणत्या जातीची लेकरं कधी चालतात, कधी बोलतात, त्यांना किती समजतं, हे पाहायला ही माणसं आली होती. सतरंजीवर मालकाची, त्याच्या भाऊबंदांची लेकरं. आमची गोठ्यापाशी, मातीत. राज्य नवं झालं होतं. आम्ही बौद्ध झालो होतो. गोठा तोच होता.

आमचं गाव देऊळघाटच्या पलीकडं. सुजाताचा बाप ती पोटात असतानाच तापानं गेला. मी आणि सासू, दोघी मालकाच्या वावरात राबायचो.

बाईंनी रंगीत लाकडी ठोकळे मांडले. मालकाच्या नातवानं एकावर एक रचले, ढकलून दिले. सगळे हसले. मग ठोकळे सुजातासमोर ठेवले. तिनं हात पुढं केला. माझ्या तोंडाकडं पाहिलं. हात झग्याखाली लपवला. मालकाच्या दारात "हात लावू नको" याशिवाय तिनं दुसरं ऐकलंच काय होतं? बाईंनी सांगितलं म्हणून मी तिला उभं केलं. पाय वाकले, ती खाली बसली. दीड वर्षाची झाली होती. चालत नव्हती.

बाई सोबतच्या माणसाला म्हणाल्या, "यांच्यात बुद्धी आणि पाय, दोन्ही उशिरा येतात. रक्तातच असतं ते."

मग गड्याला ठोकळे धुऊन आणायला सांगितले. मालकाच्या नातवानंतर धुतले नव्हते. आमच्यानंतर धुतले. सुजातानं तर त्यांना बोटही लावलं नव्हतं.

मालक म्हणाला, "तसेच असतात हे लेकरं. दिवसभर वावरात पडून रायतात."

पडून राहतात. तिथं माझं डोकं थांबलं.

मोकळी लेकरं कपाशीची पऱ्हाटी मोडतात, बांधून ठेवा, असं यानंच सांगितलं होतं. सुजाता रांगायला लागली आणि तिच्या कमरेला दोरी आली. दुसरं टोक धुऱ्यावरच्या, वावराच्या बांधावरच्या बाभळीला. मी कापूस वेचायची, ती बाभळीखाली. आधी ओढायची, रडायची. दोरी संपेल तिथवर रांगायची. मग ओढणं सोडलं. मला वाटायचं, लेकरू शहाणं झालं.

मी सुजाताला उचललं. बाईंसमोर झगा वर केला. कमरेभोवती काळा वळ होता.

"बाई, रक्तात काय असते ते मले नाही समजत. हे पाहा. मालकानं बांधायले लावलं हिले. त्याच्या नातवाले बांधा वावरात, अन् मंग मोजा."

बाईंनी वळ पाहिला. मग तोंड फिरवलं आणि पुढचं लेकरू बोलावलं. एवढंच.

मालकानं हळू आवाजात सांगितलं, उद्यापासून आम्ही दोघींनी वावरात पाय ठेवायचा नाही.

घरी सासू रडली. तिनं मला बोल लावला नाही. म्हणाली, "तुया नवऱ्याले बी म्या असंच बांधलं होतं. मले वाटे, आपले लेकरं असेच रायतात."

मी सडकेवर खडी फोडायला जायला लागले. सासू घरी राहिली. भिंतीला धरून, बोट धरून तिनं सुजाताला चालवलं. स्वतःची भाकर तिला भरवायची आणि मला सांगायची, जेवले मी. सुजाता चालली. उन्हाळ्यात सासू गेली. अंगात काही उरलंच नव्हतं.

मी वस्तीतल्या बायांना सांगितलं, लेकरू बांधायला लावणाऱ्याच्या वावरात जाऊ नका. दोघी माझ्यासोबत खडी फोडायला आल्या. बाकीच्या मालकाच्याच वावरात जात राहिल्या. त्यांच्यावर माझा राग नाही. मलाही पोट आहे.

पण माझं ठरलं आहे. बोटं फुटेपर्यंत खडी फोडीन. माझं लेकरू बांधणार नाही. आणि दुसऱ्या कोणाचं बांधलेलं दिसलं, तर मालकाच्या डोळ्यांदेखत सोडीन.