मेलेली तार

ठाकुर्लीच्या आमच्या चाळीमागून रेल्वेचा एक फाटा जायचा. त्यावर खांब होते, खांबांवर विजेची तार होती, पण खालून जायला गाडी नव्हती. महिन्या-दोन महिन्यांतून एखादं जुनं इंजिन मागच्या शेडमध्ये उभं करायला आणत, तेवढंच. तार हिरवी पडली होती आणि खांबांवर कावळ्यांनी घरटी केली होती.

आमचे हे तारांच्याच कामावर होते. लग्न होऊन मी साताऱ्याकडून इथे आले, तेव्हा स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. माहेरी वीज नव्हती, म्हणून नवऱ्याच्या कामाची मला भारी ऐट. जेवताना खोदून खोदून विचारायची. एकदा या फाट्याचं विचारलं, तर म्हणाले, "मेलेली तार आहे ती. स्विच बंदच असतो." मग भात कालवत म्हणाले, "तरी आम्ही आकडा टाकून ती जमिनीला जोडल्याशिवाय हात लावत नाही. मेलेल्या तारेचा भरवसा नसतो."

पहिलं तेवढं मी लक्षात ठेवलं. दुसरं मिरवण्यासारखं नव्हतं.

शेजारच्या वहिनी रत्नागिरीकडच्या. मला शेगडी पेटवायला त्यांनी शिकवलं, आणि माहेरच्या आठवणीने रडू आलं की चहा टाकायच्या. चैत्रगौरीचं हळदीकुंकू चाळीत त्यांच्याकडेच असायचं. आंबेडाळीला कैऱ्या लागायच्या, त्या फाट्यालगतच्या आंब्याच्या. त्याच्या फांद्या तारेपर्यंत पोचल्या होत्या. त्या तोडायचं काम यांच्या टोळीचं, पण "कैऱ्या उतरू द्या भावजी, मग तोडा," असं वहिनी म्हणाल्या आणि यांनी ऐकलं.

त्या सकाळी विहिरीत पडलेली कळशी काढून वहिनी तशाच आंब्याखाली आल्या. हातात लांब बांबू, टोकाला लोखंडी आकडी, आणि बांबू अजून निथळत होता. वर बघून थबकल्या.

"काय गं, ह्या तारेत करंट असतो काय?"

"छे हो वहिनी! मेलेली तार आहे ती. आमच्या ह्यांनीच सांगितलंय."

किती ठसक्यात म्हणाले मी!

दुपारी इंजिन यायचं होतं, म्हणून सकाळीच कोणीतरी स्विच चालू केला होता. ते नियमाप्रमाणेच होतं. चाळीतल्या बायका कैऱ्या काढतील म्हणून कोण सांगायला येणार? आकडी फांदीवरून घसरली आणि तारेला लागली. फटकन आवाज झाला, वहिनी मागे फेकल्या गेल्या, आणि झाडावरचे सगळे कावळे एकदम उडाले. मी हातातली परडी धरून तशीच उभी राहिले. धावले ते दुसरेच.

दोन महिन्यांनी त्या कल्याणच्या दवाखान्यातून घरी आल्या. उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. चौकशीला साहेब आले, तेव्हा म्हणाल्या, "माझंच वर लक्ष नव्हतं." मी दाराआड ऐकत होते आणि तरी बाहेर आले नाही. यांना मात्र कळलं होतं. त्यानंतर त्यांनी घरात कामाचं नाव काढलं नाही. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या चैत्रात वहिनींनी गौर मांडली. चाळभर बोलावणं होतं, पण सगळ्यांना कुंकू लावत होती त्यांची जाऊ. वहिनी कोपऱ्यात, हात पदराखाली. डाव्या हाताने कुंकू लावायचं नाही, आणि उजव्यात चिमूट धरवत नव्हती.

सगळ्या गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. कुंकवाची कोयरी पुढे ओढली आणि डावा हात वर केला.

"लावू का? चालेल तुला?"

मी मान खाली घातली. वाटलं, आता सांगावं, पाय धरावेत.

"वहिनी, त्या दिवशी मी..."

"गप," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाला विचारायची हिंमत होत नाही गं. तू मला नाही म्हणणार नाहीस, एवढं ठाऊक आहे मला."

आणि डाव्या अंगठ्याने त्यांनी माझ्या कपाळावर कुंकू टेकवलं. जरा वाकडं लागलं. ते मी दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवलं.